नंबर लपवायचं व्रत

हसणार नाही, असं आधी कबूल करा. मग सांगते. तसा माझा वेंधळेपणा तेलुगू मुलखातल्या आमच्या चिक्कडपल्लीला नवा नाही, पण या प्रसंगात मी जी घाबरले होते ना, ते आठवलं की अजून उठून दाराची कडी तपासते!

मोबाईल नुकते घराघरांत येऊ लागले होते तेव्हाची गोष्ट. ह्यांनी मला एक घेऊन दिला. हौस म्हणून नाही हं! आमच्या मंजिरीला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी प्रवास मना केल्यामुळे बाळंतपण सोलापूरला, सासरीच व्हायचं होतं. आमच्या घरचा फोन तर पुलासाठी रस्ता खणल्यापासून मुका. म्हणजे लेकीची बातमी येणार ती या मोबाईलवरच. मी त्याला देव्हाऱ्याशेजारी, रुमालाच्या घडीवर ठेवत असे.

अशात एका सकाळी हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "मोबाईल नंबरांचीही डिरेक्टरी निघणार म्हणतायत. नाव, पत्ता, नंबर, सगळं."

"छापून?"

"मग काय, आरतीत म्हणणार?"

हे हसले. मला मात्र हसू येईना. घरचा फोन निदान भिंतीला बांधलेला असतो, हा तर उशाशी निजतो! कोणीही उठावं, पुस्तक उघडावं आणि थेट माझ्या कानात बोलावं? दुपारभर मी घरात एकटी. भीती वाटेल की नाही, तुम्हीच सांगा!

"अगं, नुसता विचार चाललाय त्यांचा," हे म्हणाले.

"चोर विचार करत बसत नाहीत," मी म्हटलं, आणि तडक देवीपुढे हात जोडले. आई, अकरा शुक्रवार लक्ष्मीव्रत करीन, पण माझा नंबर तेवढा पुस्तकात छापून येऊ देऊ नकोस.

अकरा शुक्रवार यथासांग पार पडले. संध्याकाळी कलश, कलशावर वाटी, वाटीत सोन्याचा दागिना, पूजा, कथा, नैवेद्य. डिरेक्टरीचं पुन्हा कोणी नावही काढलं नाही. बघा, मनोभावे केलं की देवी ऐकते! उद्यापनाला व्रताच्या सात पुस्तिका वाटायची रीत, मी आनंदानं एकशे एक वाटायच्या ठरवल्या. गौलीगुड्यातल्या एका छापखान्यात मराठी-तेलुगू अशा छापून घेतल्या. प्रूफ मी स्वतः, चष्मा लावून तपासलं. शेजारच्या सरोजागारूंनी, म्हणजे आपल्या भाषेत सरोजाताईंनी, अर्ध्या पुस्तिका त्यांच्या भजनी मंडळात नेल्या, उरलेल्या मी हळदीकुंकू लावून हातोहात दिल्या.

आणि चौथ्या दिवशी फोन आला.

"सुलभागारू?" अनोळखी बाई. पुढे इतकं भराभर तेलुगू, की मला काही कळेना.

माझं नाव हिला कसं ठाऊक? मी फोन ठेवला. पाच मिनिटांनी दुसरी. मग तिसरी. सगळ्यांना माझं नाव माहीत, मला एकीचंही नाही. मी मनात म्हटलं, निघाली डिरेक्टरी! व्रतात काय चुकलं गं आई? तिसऱ्या शुक्रवारी नैवेद्याआधीच चुकून खीर चाखली होती, ते का?

पण खरा घाम फुटला तो दुपारी. पुरुषाचा आवाज, अगदी मऊ.

"अम्मा, शुक्रवार की शाम कू आप सोना बाहर निकाल के रखते ना?"

मी आधी दाराला कडी घातली.

"कित्ता रखते अम्मा? और उस टाइम घर में मरद लोगां रहते क्या?"

अहो, इतका सभ्य चोर मी जन्मात पाहिला नव्हता! वार माहीत, वेळ माहीत, आणि वर माझ्याकडूनच वजन विचारून घेतोय! मी फोन बंद करून तांदळाच्या डब्यात खुपसला. पाटल्या, मोहनमाळ, कुड्या, सगळं पदरात बांधून सरोजागारूंकडे धावले. त्यांनी एक अक्षर न विचारता गाठोडं आपल्या मिरच्यांच्या डब्यात दडवलं.

पण फोन बंद ठेवून कसं चालेल? मंजिरीचं काय? म्हणून दर अर्ध्या तासानं मी तो तांदळातून काढायची, देवीचं नाव घेऊन सुरू करायची, दोन मिनिटं त्याच्याकडे सापासारखं बघायची आणि पुन्हा पुरायची. फोन वाजू नये म्हणून प्रार्थना करावी, की वाजावा म्हणून, तेच कळेना.

चौथ्यांदा काढला आणि तो वाजला. अनोळखी नंबर. पुरुषाचा आवाज, मागे गलका, खरखर.

"हॅलो! आई?"

"कोण आई? मी कुणाची आई-बिई नाही! परत फोन केलास तर पोलिसांत देईन! घरात चार पुरुष आहेत माझ्या!"

फोन तांदळात गेला. आणि मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. हा मराठी बोलत होता. आणि आई म्हणाला... अगं बाई, हे तर जावई! फोन काढला, पण घाईघाईत कुठली बटणं दाबली देव जाणे, तो सुरूच होईना. मंजिरीचं काय झालं असेल? का केला असेल त्यांनी फोन? त्या अर्ध्या तासात मी देवीला काय काय कबूल केलं, ते तुम्हाला नाही सांगत.

तेवढ्यात हे ऑफिसातून धापा टाकत आले.

"जावयांचा ऑफिसात फोन आला होता. मंजिरी सुखरूप आहे, मुलगी झाली! आणि ते घाबरत घाबरत विचारत होते, आईंच्या घरात ते चार पुरुष कोण?"

मी हसत होते की रडत होते, मलाच ठाऊक नाही. दिवसभराची कहाणी सांगितली. ह्यांनी शांतपणे देव्हाऱ्यातली पुस्तिका उचलली आणि मागचं पान माझ्यापुढे धरलं. 'व्रताविषयी चौकशी: सौ. सुलभा, चिक्कडपल्ली', आणि खाली ठसठशीत आकड्यांत माझा मोबाईल नंबर!

छपाई झाली की कळवा म्हणून मजकुराखाली नाव-नंबर मीच लिहून दिला होता. छापखान्यानं वर 'व्रताविषयी चौकशी' असं जोडून तोही भक्तिभावानं छापला.

"प्रूफ कोणी पाहिलं?"

"मीच. पण आपलं नाव छापलेलं पाहून इतकं बरं वाटलं हो, की खालचं वाचलंच नाही."

ह्यांनी फोन सुरू करून दिला, आणि तो लगेच वाजला. तोच मऊ आवाज!

"अम्मा, नाराज नक्को होओ. मेरी घरवाली बरत करने वाली है, उसीच वास्ते पूछा मैं."

मला इतकी लाज वाटली! बिचारा बायकोच्या व्रतासाठी धडपडतोय, आणि मी त्याला चोर ठरवलं! आता त्याचं समाधान करायलाच हवं की नाही?

"नहीं भैया, सोना कितना भी चलता," मी अगदी मायेनं सांगितलं. "नहीं हो तो चांदी का रुपया रखो. देवी भाव देखती. अब मेरा ही देखो ना, सगळं सोना बाजूवाली सरोजागारू के मिरची के डब्बे में है! और कल सुबह हम दोनों सोलापूर जाते, नात हुई है, घर आठ दिन बंद! फिर भी मैं डरती क्या?"

माझ्या हातातला फोन ह्यांनी काढून घेतला, आणि स्वतःच तांदळात पुरला.