गवताचा भाव

गवत कापायची मशीन घ्यायला मी निघाले, तेव्हा पुण्याहून मुलाचा फोन आला. "आई, दुकानात जाऊन भांडू नको. मी ऑनलाइन मागवतो, घरपोच येईल." मी म्हटलं, जिथं समोर माणूसच नाही, तिथं भाव कोणाशी करू? तो हसला नाही. माझ्यासोबत दुकानात जायला तो लहानपणापासून लाजतो.

भंडाऱ्याजवळच्या कारध्यातलं आमच्या घरापुढचं लॉन त्याच्याच हौसेनं आलं. घर मी बांधलं, विटांपासून खिडकीच्या काचेपर्यंत प्रत्येक गोष्टीचा भाव मी केला, आणि पुढच्या मोकळ्या जागेत मला वांगी, मिरच्या आणि चार ओळी सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावायचा होता. पण त्यानं नागपूरच्या नर्सरीतून चटईसारखी गुंडाळलेली हिरवळ आणून अंथरली आणि पुण्याला निघून गेला. हिरवळीला काय, पाणी मिळालं की ती वाढणारच. दुसऱ्या पावसाळ्यात तिच्यात शेताच्या धुऱ्या-बांधावरचं सगळं गवत येऊन मिसळलं आणि घोट्याच्या वर गेलं.

तेव्हा ते कापायचा प्रश्न पडला नाही, कारण माझी मैत्रीण होती.

आम्ही दोघींनी भाजीचा धंदा एकाच दिवशी सुरू केला. डोक्यावर टोपली घेऊन पहाटे लहान पुलावरून नदी ओलांडायची आणि भंडाऱ्याच्या बाजारात एकाच पोत्यावर बसायचं. भाव मी करायची, तोलायची ती. मी पावशेर म्हणजे पावशेर देणारी. ती तोलून झाल्यावर वरून एक वांगं टाकायची, सांभाराच्या दोन काड्या टाकायची. मी तिला कोपर मारायची. "काहून वं, बापाचा माल हाय का?" ती म्हणायची, "टाकू दे वं. उद्या आपल्याचपाशी येईन थे बाई." आणि ती बाई खरंच दुसऱ्या दिवशी आमच्याकडेच यायची. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

काही विकत घ्यायचं असलं की आमची वेगळी रीत होती. मी भाव पाडायची, दुकानदार अडला की चिडून उठायची आणि तरातरा चालू लागायची. तिसऱ्या पावलाला ती मागून माझा पदर धरायची. "जाऊ दे वं माय, गरीब माणूस हाय थो. थोडं तू चढ, थोडं थो उतरन." दुकानदाराला वाटायचं ही आपल्या बाजूची आहे. तो उतरायचा. मी चढायची नाही. माझं पहिलं कपाट, तिची शिलाई मशीन, दोन्ही घरचे कूलर, माझ्या जुन्या टेम्पोचा सौदासुद्धा असाच झाला. माझा राग बहुतेक वेळा खराच असायचा. ती मात्र कितव्या पावलाला पदर धरायचा हे बरोबर ओळखायची.

पुढं माझा ठोक भाजीचा धंदा झाला, टेम्पो झाला, घर झालं. तिनं बाजार सोडला आणि म्हैस घेतली. पावसाळ्यात दर आठ दिवसांनी ती विळा आणि दोरी घेऊन माझ्याकडं यायची. उकिडवी बसून भिंतीपासून भिंतीपर्यंत सरकत गवत कापायची आणि भारा बांधून म्हशीला न्यायची. मी पायरीवर बसून भाजी निवडायची. दोन तास आमच्या गप्पा चालायच्या. मग चहा. माझं अंगण साफ, तिच्या म्हशीला चारा. यात कोणी कोणाला काही दिलं असं आम्हाला वाटत नव्हतं. दूध मात्र मी तिच्याकडून विकत घ्यायची, रोज एक लिटर, आणि महिन्याचे पैसे पहिल्या तारखेला द्यायची.

मग एक दिवस अर्धं अंगण कापून झाल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "म्हशीची ढेप महाग झाली वं. या महिन्यापासून दुधाचे दोन रुपये वाढवले."

"मले बी?"

"सब्बायलेच वाढवले."

दोन रुपयांचं मला काही नव्हतं. पण सब्बायले? एका पोत्यावर बसलो, एका ताटात जेवलो, आणि मला तिनं गावभरच्या गिऱ्हाइकांच्या रांगेत नेऊन उभं केलं. हे मला आजही सलतं. माझ्या डोक्यात भडका उडाला. मी म्हटलं, "मंग मी बी गवताचा भाव लावतो. एवढे दिवस फुकट नेऊन राहिली."

तिचा विळा थांबला. अर्धा भारा बांधून झाला होता. तिनं गाठ सोडली, गवत तिथंच पसरलं आणि दोरी खांद्यावर टाकली.

"चहा तं घे," मी म्हटलं.

"नाई. तुया घरचा चहा मले आता महाग पडन."

फाटक तिनं हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून दूध आलं नाही. दोन पावसाळे गेले. रस्त्यात दिसली की ती पदर सारखा करायची, मी फोन कानाला लावायची.

पहिल्या पावसाळ्यात मी एका माणसाला बोलावलं. तो खांद्याला अडकवायचं, गरगर फिरणारं ग्रास कटर घेऊन यायचा. त्यानं गवताचा चिखल करून भिंतीवर उडवला, एका खड्यानं खिडकीची काच फोडली आणि वर मलाच म्हणाला, काच आधी झाकायची होती. त्याला काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही. उरलेलं गवत कोपऱ्यात ढीग करून ठेवलं, ते कुजलं, वास सुटला. एवढा हिरवा चारा माझ्या दारात कुजत होता आणि दोन गल्ल्यांपलीकडं तिची म्हैस भाताची कोरडी तणस चघळत असेल, हे डोक्यातून जाईना. मला माफी मागायची नव्हती, कारण भाव पहिल्यांदा तिनं वाढवला होता. पण मला ती परत हवी होती. दुसऱ्या पावसाळ्यात गवत तसंच वाढू दिलं. यंदा पाऊस लागला तेव्हा मी ठरवलं की आपण आपली मशीन घ्यायची, गवत नीट कापायचं, आणि भारा स्वतः नेऊन तिच्या गोठ्यात टाकायचा. बोलायचं काही नाही. म्हशीनं खाल्लं की झालं.

भंडाऱ्यात शेतीच्या अवजारांच्या दुकानात गेले. दुकानदार तरुण होता. त्यानं आधी ते गरगर फिरणारंच दाखवलं. मी म्हटलं, "हे माह्या शत्रूले दे. मले मागून ढकलाची पाह्यजे."

त्यानं पेट्रोलची दाखवली. लाल, चार चाकांची, मागं थैली लावलेली. किंमत ऐकून मी पदरानं घाम पुसला, घाम नसताना. पण किमतीआधी मला दुसरंच विचारायचं होतं.

"कापलेलं गवत कुठं जाते?"

"बारीक चुरा होऊन मागच्या थैलीत, मावशी."

मी थैली काढून नाकाशी नेली. पेट्रोलचा भपकारा आला. "याले म्हैस तोंड लावन का?"

तो हसला. "लॉनचं गवत म्हशीले कायले? थे तं फेकाचं असते."

"तुह्या घरी फेकत असतीन," मी म्हटलं आणि थैली त्याच्या हातात दिली.

मग विजेवरची दाखवली. हलकी होती, भाव जरा बरा होता. पण ओल्या गवतातून वायर ओढत मी फिरायचं, आणि पावसाळ्यात आमच्याकडं लाईट दिवसातून चारदा जाते. तीही गवताचा भुगाच करायची. शेवटी कोपऱ्यात पोत्याखाली एक धूळ खात पडलेली दिसली. इंजिन नाही, वायर नाही. दोन चाकं, लांब दांडा आणि मध्ये वळणदार पाती बसवलेला पिंजरा. ढकललं की पिंजरा फिरतो आणि खालच्या पट्टीवर गवत कैचीसारखं कापतो. ना चुरा, ना वास.

"हे कोणी घेत नाई, मावशी. जोर लागते. गवत वाढू देल्लं तं कापत नाई, आडवं पाडते. दर आठ दिवसांनी फिरवा लागन."

दर आठ दिवसांनी म्हटल्यावर माझं मन तिथंच बसलं. पण मनात बसलेली वस्तू चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही, एवढं मला कळतं. मी म्हटलं, "गंजलेली दिसते."

त्यानं वर्तमानपत्राचा कागद पात्यांत धरून पिंजरा फिरवला. कागद सर्रकन कापला गेला. मी कागद त्याच्या हातातून घेतला आणि डाव्या टोकाला धरला. तिथं तो चुरगळला, कापला गेला नाही. दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं आणि निमूट पान्हा आणून स्क्रू आवळला. मग मी विचारलं, "भिंतीजवळचं कसं कापन?"

"थे सुटते. हातभर पट्टा राह्यते. कोणत्याबी मशीनचं तसंच हाय, थे इळ्यानंच कापा लागते."

"म्हणजे अर्धं काम मशीन करन, अर्धं मी करीन, अन् पैसे पूर्ण?"

तो साडेसहा हजार म्हणत होता. मी साडेचारवर सुरुवात केली. तो सहावर आला, मी पाचवर गेले आणि तो अडला. "परवडत नाई, मावशी. कोपऱ्यातली असली तरी नवी हाय." मला राग आला, खराच. मी पिशवी उचलली आणि तरातरा निघाले. एक पाऊल, दोन, तीन.

कोणी पदर धरला नाही.

मी पायरी उतरले. मग रस्त्यावर आले. मागून दुकानदाराची हाकही आली नाही. कशी येणार? त्याच्या बाजूनं बोलणारं तिथं कोणी नव्हतं, त्याला उतरायला वाट करून देणारं कोणी नव्हतं. ट्रकच्या धुरळ्यात मी बराच वेळ उभी राहिले. मग पाणी प्यायचं निमित्त करून स्वतःच्या पायांनी परत आत गेले. एवढ्या वर्षांच्या धंद्यात हे पहिल्यांदा. तो हसला नाही हे त्याचं नशीब. पाच हजार आठशेला घेतली. तेलाची बाटली फुकट घातली त्यानं, तीही मागितल्यावर.

मशीन चांगली निघाली. पहिल्यांदा गवत वाढलेलं होतं म्हणून आधी विळ्यानं उतरवून घेतलं, आणि आठ दिवसांनी ढकलायला लागले. खरखर आवाज येतो, गार वास येतो, मागं बोटभर गवत पडत जातं. अर्ध्या तासात अंगण झालं. मग भिंतीजवळचा पट्टा. ती बसायची तशी उकिडवी बसले. एक भिंतही पुरी झाली नाही आणि गुडघे धरले. भिंतीला हात लावून उठले. ती दोन-दोन तास अशी बसायची, बोलत, हसत, आणि मी पायरीवर भाजी निवडत होते.

गवत झाडून जुन्या लुगड्यात बांधलं आणि गाठोडं काखेत घेऊन निघाले. टेम्पो होता, पण चालत गेले.

ती दारात तांदूळ पाखडत होती. मला पाहून सूप थांबलं. मी काही न बोलता सरळ मागं गोठ्याकडं गेले. गोठ्यात म्हैस नव्हती. खुंटा होता, त्याच्या भोवती जमीन सारवलेली होती. जिथं चारा पडायचा तिथं एक सायकल लावलेली होती.

"दिवाळीतच विकली," ती मागून म्हणाली. "मायाच्यानं होत नव्हतं. कंबर दुखते."

दोन गल्ल्यांवर राहून मला हे माहीत नव्हतं. मी गाठोडं घेऊन तशीच उभी. तिनं येऊन गाठ सोडली, मूठभर गवत उचलून पाहिलं.

"हे काय आणलं वं? न्हाव्याच्या दुकानातून झाडून आणल्यावानी दिसते."

"मशीननं कापलं. हातानं ढकलाची. पेट्रोलचा वास नाई लागत."

"म्हशीसाठी पाहून घेतली?"

मी खुंट्याकडं पाहिलं. तिनं मूठ परत लुगड्यात सोडली आणि हात झटकले.

"कितीले पडली?"

मी सांगितलं. तिनं डोळे मिटून हिशेब केला, बाजारात करायची तसा.

"फसली तू. पाच हजार दोनशेत देल्ली असती थ्यानं."

"देल्ली असती," मी म्हटलं. "मी रोडवर जाऊन उभी राह्यलो. मागं कोणी नव्हतं."

ती सुपाकडं गेली. बराच वेळ पाखडत राहिली. मीही बसले. तिनं चहा विचारला नाही. मग खडे वेचता वेचता, मान वर न करता, म्हणाली, "नातीचं लग्न ठरलं. भांडे घ्याचे हायेत. पितळेचे. भंडाऱ्याचे दुकानदार मायं काही ऐकत नाई वं. मले भाव करता येत नाई."

"कधी जातं तू?"

"पाहू. पोराले सुट्टी भेटली तं त्याच्यासंगं जाईन."

मी येते म्हणायला हवं होतं. जिभेवर आलेलं तसंच राहिलं, कारण बोलावणं तिच्याकडून यायला हवं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

गवत मी तिथंच ठेवून आले. लुगडं परत मागितलं नाही.

त्याला आता तीन आठवडे झाले. दर आठ दिवसांनी मशीन फिरवते. भिंतीजवळचं जेवढं जमेल तेवढं विळ्यानं कापते, बाकी तसंच राहतं. मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणतो, कडा का सोडतेस? मी म्हणते, मशीन तिथं जात नाही. फाटकाचा आवाज आला की दांडा सोडून वळून पाहते. एक पिशवी आणि चपला दाराजवळच ठेवल्या आहेत. पितळेचा आजचा भाव काय आहे, तेही मी बाजारात विचारून ठेवलं आहे.