दादाचं सामान

दादा काविळीनं गेला तेव्हा तो कमर्शियल आर्टच्या पहिल्या वर्षाला होता. मी नुकतीच अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, झाले होते. पुढं शिकायचं की नाही, हे घरात कुणी बोललं नव्हतं. दादाचे दिवस झाल्यावर एका सकाळी अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याच्या खोलीतला रेघा आखायचा लाकडी टी-स्क्वेअर खिळ्यावरून काढला आणि माझ्या हातात दिला.

"कॉलेजात बोलून आलोय. सामान सगळं आहेच. जूनपासून तू जा."

आई स्टोव्हपाशी होती. तिनं मागं वळून बघितलं नाही. शाळेत माझी चित्रकला बेताचीच होती, पण ते सांगावंसंही मला वाटलं नाही. मी हो म्हणाले.

ड्रॉइंग बोर्ड काखेत धरून मी कॉलेजात जायला लागले. वर्गात मुली आम्ही दोघीच. दुसरी नेसरीकडची, इथं मामाकडं राहणारी. पहिल्याच दिवशी तिनं माझी पेटी उघडून बघितली. ब्रश, रूलिंग पेन, सेटस्क्वेअर, पोस्टर कलरच्या बाटल्या.

"तुझ्याकडं तर सगळंच हाय की गं."

"माझं नाही. दादाचं आहे."

"मग त्याला लागत न्हाय व्हय?"

"तो वारला."

तिनं पेटी मिटली. म्हणाली, "मला टी-स्क्वेअर न्हाय. तुझं झालं की मला दे."

त्या दिवशी मला ती आवडली.

पहिले काही आठवडे सरांनी नुसत्या रेघा मारायला लावल्या. रूलिंग पेनमध्ये शाई भरायची, टी-स्क्वेअर बोर्डाच्या कडेला घट्ट धरायचा आणि श्वास रोखून एक रेघ ओढायची. बाकीची मुलं कंटाळायची. मला बरं वाटायचं. म्हणजे वाईट वाटायचं नाही, एवढंच. सर मागं येऊन उभे राहायचे. बोर्डावर दादाच्या पिनांची भोकं होती, ती त्यांना दिसत असणार. मग ते पुढं जायचे.

निळ्या रंगाची बाटली अर्धी होती आणि रंग वाळून दगड झाला होता. मी पाणी घालून ठेवलं, काडीनं ढवळत राहिले. दोन दिवसांनी रंग सुटला. एका पोस्टरची सगळी पार्श्वभूमी मी त्या निळ्यानं भरली. दिवाळीच्या आत बाटली संपली, तेव्हा मी ती धुऊन मोरीच्या कट्ट्यावर पालथी घातली.

आईनं ती बघितली. "संपला?"

"हो."

"दुसरा आणायला हवा मग."

"हो."

ती भांडी घासत राहिली. मी तिच्याशेजारी बसून ती विसळत राहिले. रडायला येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

हळूहळू ब्रशही झिजले, नवे आले. शिक्षण पूर्ण झालं आणि एका छापखान्यात मला लेबलांचं काम मिळालं. पहिलं छापून आलं ते गुळाच्या डब्याचं. मी ते घरी आणलं. अण्णा चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले.

"अक्षरं कुणाची?"

"माझी."

"बरी आलीत," ते म्हणाले. मग चप्पल घालून संध्याकाळची शिकवणी घ्यायला निघून गेले.