हजेरीबाबूची कादंबरी

आमच्या घरात कोळशाच्या खाणीवरचं एकच पुस्तक होतं, आणि ते आमच्याच माणसानं लिहिलेलं होतं. लिहिणारा माझ्या वडिलांचा आतेभाऊ, नायगावचा. लहानपणी मी त्याला काका म्हणत असे. पुढं म्हणायचं सोडलं.

दुष्काळ पडला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. हदगावच्या अलीकडं आमचं गाव. विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायची पाळी आली होती. बैल बाजारात गेले आणि माय-आबा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. दुपारी तिथं खायला सुकडी, म्हणजे गुळातला भाजका भरडा, मिळायची, ती माय पदरात बांधून घरी आणायची. अशात या आतेभावाचा निरोप आला. तो मॅट्रिक झालेला, पैनगंगेपलीकडच्या एका कोळसा खाणीवर हजेरीबाबू होता. ‘कामावर माणसं घेऊन राहिलेत, लगेच या,’ असा निरोप. आम्हाला त्यानंच तिथं नेलं, ही गोष्ट मी कधी लपवली नाही. त्याच्या उपकारावर आम्ही काही वर्षं जेवलो आणि तोही आमच्याच घरी जेवला.

खाणीवर मजुरांच्या खोल्यांची लांब रांग होती. मधोमध एक नळ. दुष्काळातून आलेल्या मायला त्या नळाचं इतकं अप्रूप, की पाणी गेल्यावरही ती त्याच्याकडं बघत उभी राहायची. शेजारी तेलुगू बोलणारी बाई होती. तिचं आणि मायचं भाषेवाचून छान जमलं. वाळत घातलेलं धुणं काढताना आधी झटकायचं, मग घडी घालायची, हे तिनंच शिकवलं. हवेत कोळशाची भुकटी असायची. आबा पाळी संपवून येत, घासून अंघोळ करत, तरी डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या काळ्याच राहायच्या. माय म्हणायची, “नवरदेव दिसताय.” आबा लाजायचे.

हजेरीबाबू एकटा होता, म्हणून दोन्ही वेळा आमच्याकडं जेवायचा. तो कधी खाणीत उतरला नव्हता. जेवताना आबांना विचारायचा, “दादा, खाली अंधार कसा असतो रे? भीती वाटती का?” आबा सांगायचे. दिवा विझला की आपलाच हात आपल्याला कसा दिसत नाही, छताच्या टेकूचं लाकूड तडकायच्या आधी कसं कुरकुरतं, उंदीर पळाले की माणसं कशी पळतात. तो घास हातात धरून ऐकत राहायचा. आबांना वाटायचं, भावाला आपली काळजी आहे.

एका दुपारी आबा पाळीवर होते. माय भाकरी करत होती, मी पीठ चाळत होते. तो आला. मला म्हणाला, “जा गं, नळावर खेळ जा.” मी उठले नाही. त्यानं मायचा हात धरला आणि म्हणाला, “वहिनी, दादाला वरचं हलकं काम देता येईल. माझ्या हातात हाय.” मायनं तव्यावरचं तापलेलं उलथणं उचललं आणि त्याच्या मनगटावर टेकवलं. आधी नुसता वास आला, मग तो ओरडला. माय म्हणाली, “भावजी, आता हे पण तुमच्या हातात हाय.” तो निघून गेला. मायनं राहिलेल्या भाकरी केल्या. मला एवढंच सांगितलं, “आबांना बोलू नको. ते त्याला जित्ता ठेवायचे न्हाईत, आन् मग आपून कुठं जायचं?”

तो जेवायला यायचा बंद झाला. आबांना त्यानं सांगितलं, खानावळ लावली.

पुढच्या पावसाळ्यात आबा एकदा पाळीवर जाऊन माघारी फिरले. छताचा आवाज बरा नाही, टेकू कमी आहेत, आज उतरत नाही, असं त्यांनी हजेरीच्या खिडकीवर सांगितलं. खिडकीत हाच होता. तो म्हणाला, “दादा, परत गेलास तर गैरहजर लावीन. लागोपाठ झाली की नाव कटतंय, तुला ठाऊक हाय.” आबा उतरले. त्या दिवशी छत बसलं. आबांच्या बरोबरचे दोघं गेले. आबांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी हे खिडकीवरचं बोलणं मायला सांगितलं, तेव्हा मी खाटेच्या पायथ्याशी बसले होते.

आम्ही परत आलो. आबांनी हदगावच्या एसटी स्टँडजवळ चहाची टपरी टाकली. मी शिकायला लातूरला मावशीकडं गेले. मावशीचा नवरा डाळ मिलमध्ये होता, घरात कायम तुरीचा वास. मी कॉलेजात असताना ती कादंबरी आली. लिहिणारा तोवर खाण सोडून नायगावला शाळेत मास्तर झाला होता. मराठवाड्यातल्या माणसानं खाणीवर असं पूर्वी लिहिलंच नव्हतं, असं जो तो म्हणू लागला.

तो स्वतः हदगावला आला, टपरीवर आबांच्या हातात सही केलेली प्रत दिली आणि म्हणाला, “दादा, यात सगळं तुझंच हाय.” आबांनी त्याला चहा पाजला. आबांना वाचायचं म्हणजे अक्षर लावत जावं लागायचं, म्हणून टपरीवर रोज येणारा एक कारकून थोडं थोडं मोठ्यानं वाचून दाखवू लागला. ऐकायला गिऱ्हाइकं जमायची. अंधार आबांचाच होता. कुरकुरणारं लाकूड, पळणारे उंदीर, सगळं आबांच्याच शब्दांत. मग त्यात एक लंगडा होणारा मजूर आला. तो दारू पिऊन उतरतो, टेकूला धक्का देतो आणि दोघांचा जीव घेतो. पगाराच्या दिवशी आबा घेत असत, सगळेच घेत. त्या दिवशी घेतलेली नव्हती. आणि त्या मजुराची बायको दुपारी दार लावून हजेरीबाबूला घरात घेते, नवऱ्याला हलकं काम मिळावं म्हणून. तिच्या एका कानाची पाळी फाटलेली असते, दाराला जुन्या घोंगडीचा पडदा असतो. माझ्या मायचा डावा कान फाटलेला होता. घोंगडी आमचीच होती.

कारकून वाचता वाचता थांबला म्हणे. आबाच म्हणाले, “वाचा की.”

त्या दिवाळीत मी घरी होते. सकाळी माय अंगण सारवत होती. आबा उंबऱ्यावर बसून कुबडीला चिंधी गुंडाळत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, “खरं हाय का गं?” माय सारवत राहिली. मग म्हणाली, “हात भाजला होता म्या त्याचा. पोरीला विचारा.” मी सांगितलं, जसं झालं तसं. आबा म्हणाले, “बरं.” एवढंच. त्यांनी ते मानलं की नाही, हे मला आजही माहीत नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. पायासाठी, त्या दोघा माणसांसाठी मी कदाचित त्याला कधीतरी सोडलं असतं. आबांना तो प्रश्न विचारायला लावला, त्यासाठी सोडणार नव्हते.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी तिथल्या एका वाचनालयात लागले होते. गावभर पाट्या रंगवणं चाललं होतं, जीपगाड्या वाढल्या होत्या, जो तो कुठल्या ना कुठल्या समितीवर होता. आमचे ग्रंथपाल वयस्कर, जुन्या मुसलमान घरातले. त्यांच्या घरी पिढ्यांपासून पुस्तकबांधणी. मी त्यांच्याकडं खाणीवरची पुस्तकं मागितली. त्यांनी शोधून शोधून काढली. परदेशातल्या खाणी, बंगाल-बिहारकडच्या खाणी, भाषांतरं, संपाच्या कहाण्या. मी सगळी वाचली. त्यांत पुरुष खाली उतरत, लढत, मरत. बाया मात्र डोक्यावर पदर घेऊन खाणीच्या तोंडाशी रडत उभ्या, नाहीतर कुणाच्या तरी नादी लागलेल्या. उलथणं उचलणारी एकही नव्हती. ग्रंथपालांनी एकदा विचारलं, “बेटी, परीक्षा हाय का कसली?” मी म्हणाले, “हो.” मग त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं. नंतर म्हणाले, “तो येतोय इथं. आपल्या वाचनालयाच्या समितीनं सत्कार ठेवलाय. कादंबरीतला उतारा वाचायला मुलगी पाहिजे म्हणतात. तुझं नाव देऊ?”

मी मायला एसटीनं बोलावून घेतलं. विचारलं, “सगळ्यांसमोर बोलू का?” ती म्हणाली, “बोल. पण खाली मान घालून बोलू नको.”

सभागृह भरलं होतं. नवे अधिकारी, मिलवाले, वकील, प्राध्यापक. तो मंचावर मधोमध बसला होता. लातूरच्या उकाड्यातही लांब बाह्यांचा शर्ट, बटणं मनगटापर्यंत लावलेली. मला त्यानं ओळखलं, कौतुकानं मान हलवली. घरचीच मुलगी वाचणार म्हणून त्याला बरंच वाटलं असावं.

समितीनं अंधाराचा उतारा ठरवून दिला होता. मी दुपारचा काढला. घोंगडीचा पडदा, फाटका कान, बाबूची चाहूल, बाईनं हळूच ओढून घेतलेलं दार. माझा आवाज चांगला होता. लोक गुंग होऊन ऐकत होते. दार लागलं तिथं मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, “या खोलीत मी होते. पीठ चाळत होते. पुढचं यांनी लिहिलं नाही, ते मी सांगते.” आणि सांगितलं. उलथणं, वास, मायचं वाक्य. खिडकीवरचं बोलणं. आबांचा उंबऱ्यावरचा प्रश्न. शेवटी म्हणाले, “साहेबांनी उजव्या बाहीचं बटण काढावं.”

तो उठला. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज मास्तरचा होता. “ही कादंबरी आहे,” तो म्हणाला. “कल्पना आहे. वाङ्मयात असं चालतं. पोर लहान आहे, तिला कळत नाही.”

तेव्हा माय उभी राहिली. पुढच्या रांगेत मीच बसवली होती तिला. ओरडली नाही. “भावजी,” म्हणाली, “माझा कान खरा घेतला तुम्ही. माझी घोंगडी खरी घेतली. माझ्या मालकाचा पाय खरा घेतला. आन् कल्पना तेवढी माझ्या अब्रूपुरती ठेवली व्हय?”

त्यानं बटण काढलं नाही, पण डावा हात जाऊन उजव्या मनगटावर बसला, आणि तो सगळ्यांनी बघितला. ते बघताना मला जे वाटलं त्याला आनंद म्हणतात की आणखी काही, मला सांगता येत नाही. आबा जिवंत असायला हवे होते, एवढंच पुन्हा पुन्हा वाटत होतं.

समितीनं मला बेशिस्त ठरवलं आणि वाचनालयातून माझी नोकरी गेली. ग्रंथपालांनी त्यांना सुनावलं, पण उपयोग झाला नाही. काही प्राध्यापकांनी लेखकाच्या स्वातंत्र्यावर लेख लिहिले. कादंबरी विकली जातच राहिली. पण नायगावला पोरं त्याच्या वर्गात मनगट धरून बसू लागली, असं कानावर आलं. तो मुदतीआधीच निवृत्त झाला.

मी शिक्षिका झाले. सुट्ट्यांत त्या खाणीवर जाऊ लागले. तेलुगू शेजारीण म्हातारी झाली होती, तिनं मला ओळखून कुशीत घेतलं. तिच्यासारख्या बायांकडून ऐकलेलं सगळं मी लिहीत गेले आणि त्याचं पुस्तक झालं. हजेरीबाबू त्यात आहे. नाव घातलं नाही. भाजलेला हात घातला.

त्यानंतर काही वर्षांनी लातूरच्या बसस्टँडवर तो भेटला. काठी घेऊन बाकावर बसला होता. मला शेजारी बस म्हणाला. मी उभीच राहिले. “नव्या आवृत्तीत ते प्रकरण काढलंय मी,” तो म्हणाला. “तू पण तुझ्यातलं काढ. माझ्या नातवंडांनी वाचलंय गं.”

मी म्हणाले, “माझ्या आबांनी ऐकलं होतं.” आणि नांदेडच्या गाडीत चढले.

तो गेल्याचा निरोप आला तेव्हा माय माझ्याकडंच होती. तेराव्याला या, असं बोलावणं होतं. जायचं का, असं मी विचारलं नाही, तिनंही विषय काढला नाही. तेराव्याच्या दिवशी ती सकाळी उठली, हरभऱ्याची डाळ शिजत घातली आणि पुरणाचा स्वयंपाक केला. सण कुठलाच नव्हता. आम्ही दोघी समोरासमोर बसलो. तिनं माझ्या पोळीवर तूप वाढलं, मग स्वतःच्या पोळीवर जरा जास्तच घेतलं, आणि आम्ही पोटभर जेवलो.