लेव्यांचा वाटा

विश्रांतवाडीतल्या आमच्या चर्चमध्ये पावसाळा सरला की हंगामाचा सण होई. पहिलं पीक देवाला अर्पण करायचं आणि देवाला वाहिलेलं पाळकसाहेबांच्या घरी पोचवायचं, अशी रीत. माझ्या लहानपणी वेदीपुढे भोपळे, ज्वारीची पोती आणि पाय बांधलेल्या कोंबड्या असत. प्रवचन लांबलं की कोंबड्या मत नोंदवत.

पुढे लोकांच्या गावाकडच्या जमिनी विकल्या गेल्या आणि मुलं कॉम्प्युटरमध्ये लागली. मला नोकरी लागली त्या वर्षी कंपनीने कॉफीचा मग, पाठीवरची बॅग आणि कॉलरवाला टी-शर्ट दिला. आईने तिन्ही वस्तू टोपलीत घालून वेदीपुढे ठेवल्या. शेजारी तशाच आणखी टोपल्या होत्या. पाळकसाहेब काटकसरी. ते वर्षभर निरनिराळ्या कंपन्यांचे टी-शर्ट घालून घरभेटी देत होते. एका आजोबांनी त्यांना विचारलं, "साहेब, आपण नोकरी बदलली का?"

"नाही," पाळकसाहेब म्हणाले. "मालक तोच आहे."

आई रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायची. बायबलच्या जुन्या करारातल्या याजकांना अर्पणातला ऊर आणि उजवी मांडी मिळायची, हे तिने दोन पिढ्यांकडून पाठ करून घेतलं होतं. याजकांच्या लेवी वंशाला देशात जमीन नव्हती, म्हणून बाकीच्यांनी त्यांना पोसायचं, एवढं तिचं अर्थशास्त्र. घरी मटण शिजलं की पहिला डबा पाळकसाहेबांकडे जाई. आम्हाला नळी मिळाली तर मिळाली.

मग पाळकसाहेब निवृत्त झाले. नव्या पाळकांसाठी त्यांनी चर्चच्या आवारातली राहती जागा सोडायची होती. निरोपाच्या सभेत भाषणं झाली, शाल झाली. ते कुठे राहणार, हे कोणी विचारलं नाही. घरी आल्यावर आईने विचारलं, तेही मला.

"तुझा वारज्याचा फ्लॅट रिकामाच आहे ना?"

तो मी कर्ज काढून घेतला होता. कंपनीतली चार मुलं भाड्याने येणार होती, तसं ठरलंही होतं. मी आईला ते सांगितलं.

"लेव्यांना अठ्ठेचाळीस नगरं दिली होती," ती म्हणाली. "भोवतालच्या कुरणांसकट. तुला दोन खोल्या जड जातात."

"त्यांच्यावर हप्ते नव्हते."

"तू हे देवाला सांग. मी मध्ये पडत नाही."

ती खरंच मध्ये पडली नाही. आठवडाभर माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. शेवटी मी त्या मुलांना नाही म्हणून कळवलं आणि पाळकसाहेबांकडे किल्ली घेऊन गेलो. मी बरंच मोठं भाषण तयार केलं होतं. त्यांनी किल्ली हातात धरली आणि विचारलं, "पाणी किती वेळ येतं?"

"सकाळी तासभर. नाहीतर टँकर."

"पुरे," ते म्हणाले. मी चपला घालून निघालो.

वारज्यात ते चांगले रुळले. इमारतीच्या सोसायटीचं सचिवपद कोणालाच नको होतं, ते त्यांच्या गळ्यात पडलं. त्यानंतर मला त्यांचं पत्र आलं : आपण घरमालक असूनही सर्वसाधारण सभेला गैरहजर राहता, ही बाब खेदजनक आहे.

पण त्याआधी, राहायला गेल्याच्या पहिल्याच आठवड्यात, पाळकीणबाईंचा फोन आला होता.

"भिंतीला खिळा ठोकला तर चालेल का?"

"अहो, विचारता काय? ठोका की."

"तसं नाही. आजवर प्रत्येक खिळ्याला चर्चच्या कमिटीची परवानगी घेतली. सवय झाली आहे."

रविवारी आईला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. बैठकीच्या खोलीत कॅलेंडरला खिळा होता, छत्रीला होता, पिशव्यांना होता. स्वयंपाकघरात तर ओळच होती. काही खिळ्यांवर काहीही अडकवलेलं नव्हतं. आईने ते सगळे पाहिले आणि पाळकीणबाईंना सांगितलं, "छान सरळ ठोकलेत."