सहाव्या केंद्रावरचं पाणी

नाव : नेदा राडेव्हा. वय : त्रेसष्ट. हुद्दा : स्वयंसेवक, मदत केंद्र क्रमांक सहा, किलोमीटर अठ्ठावन्न. वर्ग : अवैद्यकीय. कर्तव्ये : स्पर्धकांस पाणी, सूप, पाव व कलिंगड पुरविणे, त्यांचे मनोधैर्य राखणे. अधिकार : नाहीत. विशेष कौशल्ये : नाहीत.

हा कागद काढला स्पर्धेच्या समितीने. भरला मी, कारण नेदाचा चष्मा त्याच आठवड्यात तिच्या शेळीने खाल्ला होता. शेळ्या अकरा, आणि कुठल्या शेळीने खाल्ला याबद्दल तिला जराही शंका नव्हती. कौशल्यांच्या रकान्यात मी ‘पांढऱ्या घेवड्याचं सूप’ असं लिहिलं होतं. समितीने ते खोडलं. समितीत सगळे राजधानीतले, सोफिया शहरातले होते; त्यांनी ते सूप तोवर चाखलेलं नव्हतं.

आमच्या गावात आता माणसं एकोणतीस. वर्षातून एकदा, सप्टेंबरात, नव्वद किलोमीटर धावणारे तीनशे लोक आमच्या डोंगरावरून जातात. तेवढा एक दिवस जंगलखात्याच्या पडक्या चौकीत सहावं केंद्र लागतं आणि तिला महत्त्व येतं. मी नंबर टिपायचो. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून माझा आवाज कुजबुजण्यापलीकडे जात नाही, त्यामुळे मला वही दिली, वॉकीटॉकी दिली. नेदाला पातेलं दिलं.

तिने सोबत आपली तांब्याची कळशी आणली होती. आमच्याकडे कुणी दूर निघालं, सैन्यात, परीक्षेला, लग्नाला, की त्याच्या पुढ्यात पाणी सांडतात. काम पाण्यासारखं विनाअडथळा वाहावं म्हणून. निघणाऱ्याने ते ओलांडायचं आणि सरळ चालू पडायचं. पाणी ओलांडलेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत.

नेदा प्रत्येक धावपटूपुढे पाणी सांडायची. पहिल्या वर्षी समितीचं पत्र आलं : केंद्रावरील पाणी केवळ पिण्यासाठी आहे, तसेच केंद्राबाहेर चिखल होत आहे. नेदाने पत्र ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मास्तर, त्यांना लिही, मी झऱ्याचं आणते. आणि डोंगरात चिखल नको असेल तर त्यांनी दिवाणखान्यात पळावं.”

मी पहिलं वाक्य तेवढं लिहिलं.

तिसऱ्या वर्षी, स्पर्धेच्या दिवशी, दुपारनंतर हवा फिरली. माथ्यावर ढग बसला. साडेचारला केंद्र बंद व्हायचं होतं; त्यानंतर येणाऱ्याला पुढे सोडायचं नाही, असा नियम. चार वाजून एकवीस मिनिटांनी दोनशे सतरा नंबर आला. यावोर नाव, प्लोव्दिव शहरातला दातांचा डॉक्टर. गुडघ्यापर्यंत माखलेला, ओठ निळसर.

“बस बाळा,” नेदा म्हणाली. “माझ्या शेळ्यांच्या अंगावर तुझ्यापेक्षा जास्त मांस आहे.”

“मावशी, शेळ्यांना नव्वद किलोमीटर पळवा, मग बघू.”

“त्यांना तेवढी अक्कल आहे, त्या पळणार नाहीत. घे, आणखी वाढू?”

तो दोन वाट्या सूप प्यायला. तिला तोंड उघडायला लावून पटकन आत डोकावला आणि म्हणाला, “डावीकडची खालची दाढ काढायला हवी. सोमवारी या, फुकट काढतो.”

“सोमवारी तुला पायऱ्या उतरता येणार नाहीत. बुधवारी येते.”

चार अठ्ठावीसला तो उठला. नियमात दोन मिनिटं बाकी होती. तिने कळशी रिकामी केली, तो पाण्यावरून उडी मारून गेला, वळून न बघता हात हलवला आणि चढाला लागला.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली. माथ्यावर वादळ आहे, कुणालाही वर सोडू नका, गेलेल्यांना परत बोलवा.

तो पन्नास पावलांवर होता. पुढे झाडी सुरू होते. मी ओरडायचा प्रयत्न केला; भात्यातून निघावा तसा वारा निघाला. मी नेदाचा दंड धरला. “हाक मार. नेदा, हाक मार त्याला!”

ती रिकामी कळशी घेऊन उभी होती.

“पाणी ओलांडलंय त्याने.”

“अगं, वादळ आहे वर!”

“ऐकलं मी.” तिचा चेहरा पार पांढरा झाला होता. “मास्तर, तुला माहीत आहे ना? मग मला का सांगतोस?”

मला माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत आहे. एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत तिचा नवरा स्तोइल लाकूडतोडीला निघाला होता. पाणी ओलांडून फाटकापर्यंत गेला आणि नेदाला ओट्यावर त्याचा डबा दिसला. तिने हाक मारली. तो परत आला, डबा घेतला, तिला वेंधळी म्हणाला आणि गेला. तेवढ्यात ट्रकच्या केबिनमधली जागा भरली होती, म्हणून तो मागे ओंडक्यांवर बसला. तिसऱ्या वळणावर साखळी तुटली आणि ओंडके त्याच्यासकट खाली गेले. केबिनमधले सगळे अजून जिवंत आहेत. एकाने तर परवा नवीन दात बसवले.

तेव्हापासून तिने कुणाही माणसाला मागून हाक मारलेली नाही.

दोनशे सतरा झाडीत शिरला. मी माझा दुखरा पाय ओढत अर्धा तास त्याच्या मागे गेलो. धुक्यात मला माझेच हात दिसेनात, तेव्हा परतलो. नेदा पातेल्यापाशी बसली होती. सूप विझलेल्या चुलीवर होतं, आणि ती ते ढवळत होती.

बचाव पथकाला तो चौथ्या दिवशी सापडला, माथ्याच्या उत्तर अंगाला, एका खडकाच्या आडोशाला. थंडीने गेला होता. बुधवार होता.

चौकशीला समितीने एक तरुण वकील पाठवला. त्याच्याकडे छापील प्रश्न होते. स्पर्धक परत बोलावण्याच्या टप्प्यात होता काय? मी म्हणालो, नव्हता. पन्नास पावलं पुढे होता, वारा उलटा होता, हाक पोचली नसती. आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं. सराव नसूनही बरं जमलं.

नेदा म्हणाली, “हा खोटं बोलतोय. माझी हाक पोचली असती. मी मारली नाही.”

वकिलाने पेन थांबवलं. “का नाही मारलीत, आजी?”

“तो जगावा म्हणून.”

या उत्तराला रकाना नव्हता. त्याने तिला पाणी दिलं, मग माझ्या उत्तराखाली तिची सही घेतली. शेळीने खाल्ल्यापासून तिने नवा चष्मा केलाच नव्हता; त्याने जिथे बोट ठेवलं तिथे तिने केली.

अहवाल हिवाळ्यात आला. त्यात म्हटलं आहे : केंद्र क्रमांक सहा येथील कर्मचारीवर्गाने सर्व नियमांचे पालन केले. सूचना प्राप्त झाली त्यावेळी स्पर्धक अंदाजे पन्नास पावलांवर, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस होता; सदर अंतरावरून मानवी आवाज पोहोचणे शक्य नव्हते.

संध्याकाळी नेदा आपल्या अंगणातून शेळ्यांना हाक मारते, आणि त्या समोरच्या डोंगरावरून खाली येतात. मी नकाशावर मोजलं. सव्वा किलोमीटर.