उसाच्या ट्रॉलीची कडी

“आवं मॅडम, कच्चं काय बी लावायचं न्हाई आपल्या विमानाला,” असं म्हणून सुभेदारांनी दोराचं टोक माझ्या हातात दिलं.

टोकाला लोखंडी कडी होती. उसाची भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला जोडतात, तसली. मी ती एका हातानं उचलायला गेले आणि मुकाट्यानं दुसरा हात लावला.

“इथं एक बारकी कडी होती ना? वीक लिंक?”

“व्हती की. काढून टाकली. नावातच वीक! पोरगी पुढं बसणार, शेठ मागनं येणार, अन् मदी आमी वीक लावायचं व्हय?”

आणि थोड्याच वेळात हे विमान उडणार होतं. मी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. फार चिडले की मी असं करते.

तर आधी मागचं सांगते. मी आयुष्यभर विमानांच्या मेंटेनन्समध्ये काम केलं. रिटायर होऊन साताऱ्याला आले तेव्हा वाटलं होतं, आता फक्त कुंड्यांना पाणी घालायचं. पण सांगलीकडच्या एका छोट्या ग्लायडर क्लबच्या शेठचा फोन आला. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दुसऱ्या विमानानं त्याला दोरानं ओढून वर न्यायचं, वर गेल्यावर दोर सोडायचा, मग ते हवेच्या जिवावर हिंडतं. क्लबकडे ग्लायडर होतं, ओढणारं विमान नव्हतं. आष्ट्याजवळच्या एका रिटायर्ड सुभेदारांनी मात्र शेडमध्ये, ट्रॅक्टरच्या शेजारी, स्वतःच्या हातांनी विमान बांधलं होतं. उडायची परवानगी त्याला मिळालेली. ते विमान ग्लायडर ओढायला आणि रानातल्या गवताच्या धावपट्टीवर चालेल का, एवढं बघून मी रिपोर्ट द्यायचा होता.

सुभेदारांची मुलगी वैशाली पायलट. लायसन हातात, नोकरी नाही. रिपोर्ट चांगला आला तर क्लब तिला घेणार होता. नाही आला तर तिनं नोकरीसाठी कुठंतरी लांब जायचं आणि विमानानं शेडमध्ये कोंबड्यांना सावली द्यायची. सुभेदारांनी सैन्यात उभी नोकरी गाड्यांच्या दुरुस्तीत काढलेली. वेल्डिंग असं, की नाव ठेवायला जागा सापडेना. आणि नावं ठेवण्यात मी कुणाला हार जात नाही.

पहिल्या भेटीत मला चाकं खटकली. त्यांच्यावर फायबरची गुळगुळीत टोपणं बसवली होती, बुटांसारखी.

“ही कशाला?”

“फोटूत असत्यात.”

डांबरी धावपट्टीवर ती शोभतात. रानात त्यांच्यात चिखल आणि गवत ठासून बसतं आणि चाकच फिरेनासं होतं. मी म्हटलं, काढा, आणि टायर मोठे घाला.

“लय देखणी हायत हो.”

“काढा.”

वैशालीनं तोंड फिरवून हसू दाबलं. तिच्या आप्पांनी अख्खी दिवाळी त्यांना रंग देण्यात घालवली होती म्हणे.

मग पुढचा पंखा. तो होता वेगानं लांब जाण्यासाठी. ओढताना वेग नको, जोर हवा. हे मी इंजिनिअरच्या भाषेत सांगितलं, तेव्हा सुभेदार माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग मी विचारलं, “भरलेली ट्रॉली चढाला टॉप गिअरमध्ये नेता का?”

“खुळा हाय का मी?”

“मग हा पंखा टॉप गिअरचा आहे.”

पुढच्या भेटीला पंखा बदललेला होता.

राहिलं इंजिनाचं तापणं. ओढताना इंजिन पूर्ण ताकदीनं चालतं, पण विमान हळू चढतं, त्यामुळं इंजिनाला वारा कमी लागतो. म्हणून आधी मागच्या सीटवर वजन ठेवून वर चढून बघायचं ठरलं. मी वाळूची पोती बांधायला सांगितली होती. जाऊन बघते तर सीटवर गुळाच्या ढेपा! पट्ट्यांनी पक्क्या आवळलेल्या.

“वजन ते वजन,” सुभेदार म्हणाले.

इंजिन झकास थंड राहिलं. वैशाली मात्र मान, पाठ, पाय जमेल तिथं खाजवत खाली उतरली. सगळ्या विमानात मुंगळे. धावपट्टीवरून आम्ही जीप पळवली तेव्हा मध्येच बुजवलेला एक जुना पाट खचलेला सापडला. तोही भरून, दाबून घेतला. एवढं सगळं झाल्यावर मी निर्धास्त मनानं शेवटच्या चाचणीला गेले, आणि ही कडी माझ्या हातात आली.

“सुभेदारसाहेब, चढाला ट्रॅक्टरचं तोंड उचललं तर काय करता?”

“काय करायचं? बॉनेटवर चार गडी बसवायचं.”

“बरं. मागचं ग्लायडर फार वर गेलं, तर दोर तुमच्या विमानाचं शेपूट उचलतो. म्हणजे नाक खाली, सरळ उसात. तेव्हा शेपटीवर कुणाला बसवू? तुम्हाला?”

“दोर सोडायचा खटका हाय की!”

“आहे. पण तेवढा वेळ मिळायला पाहिजे आणि हात पोचायला पाहिजे. म्हणून ही कडी मुद्दाम कच्ची करतात. जास्त ताण आला की तिनं आधी तुटायचं, म्हणजे बाकीचं वाचतं.”

“न्हाई पटत.”

“नका पटवून घेऊ. बसवा. नाहीतर ही मी चालले साताऱ्याला.”

त्यांनी वैशालीकडे बघितलं. ती म्हणाली, “आप्पा, बसवा हो.” मग त्यांनी ती बारकी कडी दोन बोटांत, मेलेली पाल धरावी तशी धरली आणि बसवली. काम चोख केलं, तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं.

ग्लायडरमध्ये शेठ बसले. सांगलीचे हळदीचे व्यापारी, क्लबचे सर्वेसर्वा, उडवण्यात तसे मुरलेले. विमानानं दोर ताणला, मोठे टायर गवतावरून धडधडत गेले आणि दोन्ही उचलली गेली. सुभेदार टाचा उंचावून बघत होते. उसाच्या वर, झाडांच्या वर, आणखी बऱ्यापैकी वर गेली. मी सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात ग्लायडर एकदम वर चढायला लागलं. विमानाचं शेपूट उचललं. नाक खाली झुकलं. “शेठ, दोर सोडा!” मी ओरडले, जसं काही त्यांना ऐकूच जाणार होतं.

आणि दोर सुटला. विमान खाली घसरलं, सावरलं आणि वळलं. ग्लायडरही निवांत वळलं.

“तुटली!” सुभेदार जवळजवळ नाचलेच. “म्हनलं न्हवतं मॅडम? वीक ती वीकच! आता काय म्हनता?”

मी टोपी काढली आणि परत घातली.

शेठ आधी उतरले. “सांगली कुठं दिसते ते बघत होतो हो जरा,” ते म्हणाले. “पुढचं विमान नजरेतनं गेलं.” मी त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही.

मग वैशाली उतरली. पंख्याला हात लागणार नाही एवढ्या अंतरावर आली आणि तिथंच गवतात खाली बसली.

“आप्पा, स्टिक पोटापर्यंत ओढली होती. नाक वर येईना. खटक्याकडं हात नेणार, तवर टक् झालं अन् सुटले.”

सुभेदार दोराकडे गेले, तुटलेल्या कडीचा तुकडा घेऊन परत आले आणि पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. एरवी तसं करत नसावेत, कारण ती दचकली.

“मॅडम,” ते म्हणाले, “असल्या कड्या आनि हायत का तुमच्याकडं?”

“पिशवीभर आहेत.”

“समद्या ठिवून जावा.”

दुसऱ्या दिवशी शेठ कानकोंडे होऊन परत ग्लायडरमध्ये बसले. या वेळी त्यांनी सांगली काय, आष्टासुद्धा बघितलं नाही. चाचणी सुरळीत पार पडली. मी रिपोर्ट दिला: ओढायला चालेल, गवतावर चालेल, हाच पंखा, हेच टायर, आणि वीक लिंकशिवाय चाक हलवायचं नाही. वैशालीला काम मिळालं. लोखंडी कडी परत ट्रॉलीला लागली. मी मात्र तेव्हापासून कुठंही तपासणीला गेले की आधी दोर बघते, चाकं नंतर.

निघताना वैशाली मला गाडीपर्यंत सोडायला आली.

“मॅडम, फार ताणलं की आपणहून सोडून देणारी अशी एखादी कडी आप्पांच्यात बसवता येईल का हो?”

“ऐकू येतंय मला!” शेडमधून आवाज आला.