गिरणीमालकाच्या खुर्चीत मुख्याध्यापक

माझ्या थोरल्या जाऊबाई शाळेत इंग्रजी शिकवतात. त्यांच्या तासाला सिनेमा संपला की कुणी सारांश लिहीत बसत नाही. पोरं पोस्टर रंगवतात, नायिकेच्या आईला पत्र लिहितात, शेवट पटला नाही तर सरळ बदलून टाकतात. पण सगळ्यांत लाडकी ती फळ्याजवळची खुर्ची. तिच्यावर जो बसेल तो सिनेमातला माणूस, आणि वर्ग त्याला इंग्रजीतून प्रश्न विचारून फाडून खाणार.

मुख्याध्यापकांना ही थेरं खपत नव्हती. "शुक्रवारी येऊन बघतो. टाइमपास दिसला तर सिनेमा बंद!"

जाऊबाई तेव्हापासून घरात भांडी आपटत होत्या. बाकीचे तास पाठ्यपुस्तकाचे. हा एकच त्यांचा स्वतःचा.

शुक्रवारी मीही शाळेत धडकले. मुलींच्या संडासाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापक साहेबांच्या खिशात. पाहुणे आले तरच उघडणार! कुलूप काढा म्हणून दिलेली माझी निवेदनं त्यांच्या टेबलावर चहाचे कप ठेवायला उपयोगी पडत होती. मला बघताच साहेब पळाले ते थेट जाऊबाईंच्या वर्गात. मी खिडकीत ठाण मांडलं.

सिनेमात एक गिरणीमालक कामगारांच्या नळाला कुलूप घालतो. मालक होणारी पोरगी बाहेर गेलेली, म्हणून फळ्याजवळची खुर्ची रिकामी. साहेबांनी ती बघितली आणि ऐसपैस बसले. जाऊबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. वर्गाला मात्र वाटलं, मॅडमनी या खेपेला कमालच केली!

पहिल्या बाकावरची उठली. इंग्रजीतून ठणकावलं, "तुम्ही कुलूप का लावलंत?"

साहेबांनी खिडकीकडे बघितलं. "हिने पढवलं ना तुम्हाला?"

"सर, इंग्रजीत बोला. तासाचा नियम आहे."

"कसला नियम! घाण करता तुम्ही, म्हणून लावलं! घरून जाऊन यायला काय होतं?"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. असला अभिनय आजवर कुणी केला नव्हता.

"पण तुम्हाला तहान लागली की तुम्ही काय करता?"

"तहान? तहानेचा काय संबंध?"

"नळाचं विचारतायत, सर," जाऊबाई चाचरत म्हणाल्या. "तुम्ही सध्या गिरणीमालक आहात."

तेवढ्यात दारातून पोरगी धापा टाकत आली. "सॉरी मॅडम, संडासाला कुलूप होतं, म्हणून रस्त्यापलीकडे मावशीच्या घरी गेले होते. सर, उठा ना, ती माझी जागा आहे."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब उठले. खिसा चाचपला, किल्ली टेबलावर ठेवली.

जाऊबाईंनी विचारलं, "सर, मग सिनेमाचं काय?"

"चालू द्या," ते दारातूनच म्हणाले. माझ्यासमोरून गेले, पण वर बघितलं नाही. माझी निवेदनं त्यांनी वाचली असती तरी हे झालं नसतं, हे मी मान्य करते. पण मसुदा उत्तम होता.

पोरगी खुर्चीत मालकाच्या ऐटीत बसली, नसलेल्या मिशीवरून हात फिरवला. कुणीच काही विचारेना.

"अरे, विचारा ना मला!" ती वैतागली.

"आता काय विचारायचं?" पहिल्या बाकावरची म्हणाली. "मालकाने सगळं सांगून टाकलं."